स्ट्रेनच्या खात्यावर काहीही

ऑक्साइडच्या पातळ फिल्मवरचे पाच-सहा शोधनिबंध घ्या आणि थेट शेवटच्या दोन परिच्छेदांवर या. चुंबकन अपेक्षेपेक्षा जास्त निघालं, तर ते स्ट्रेनमुळे. कमी निघालं, तर तेही स्ट्रेनमुळे. क्युरी तापमान, म्हणजे ज्याच्यावर चुंबकत्व संपतं ते तापमान, उतरलं, कारण स्ट्रेन. चुंबकनाची दिशा फिरली, कारण स्ट्रेन. ज्या पदार्थात चुंबकत्व असायलाच नको त्यात ते दिसलं, तर म्हणे स्ट्रेनने ते जन्माला घातलं. कुठल्याही निकालाला लागू पडणारं कारण हे कारण नसतंच. ती पळवाट असते, आणि आमच्या क्षेत्राने या पळवाटेचा हमरस्ता केला आहे.

मी याच क्षेत्रात काम करते. नियतकालिकांकडून परीक्षणासाठी येणारे निबंध वाचते, पीएचडीच्या तोंडी परीक्षांना बसते, विद्यार्थ्यांच्या वह्या तपासते. त्यामुळे हे बाहेर उभं राहून मारलेले खडे नाहीत. स्ट्रेनचा चुंबकत्वावर परिणाम होतो, हे मला पूर्ण मान्य आहे. तो परिणाम इतका खोल आणि इतका देखणा आहे, की त्याच्या नावावर भलतंसलतं खपवलेलं मला सहन होत नाही.

आधी मूळ गोष्ट. स्फटिकात अणू ठरावीक अंतरावर बसलेले असतात. लँथॅनम-स्ट्रॉन्शियम मँगनाइट या ऑक्साइडमध्ये ते अंतर सुमारे ३.८७६ अँगस्ट्रॉम आहे. एक अँगस्ट्रॉम म्हणजे मिलिमीटरचा एक कोटीवा भाग. या मँगनाइटचा काही नॅनोमीटर जाडीचा थर दुसऱ्या स्फटिकावर, म्हणजे सबस्ट्रेटवर, चढवला की तो खालच्या अणूंच्या मापाशी जुळवून घेत वाढतो. स्ट्रॉन्शियम टायटेनेटचं माप ३.९०५ अँगस्ट्रॉम; त्यावर मँगनाइट आडवा ताणला जातो, साधारण पाऊण टक्का. लँथॅनम ॲल्युमिनेटचं माप सुमारे ३.७९, त्यावर तोच मँगनाइट दोन टक्क्यांहून जास्त दाबला जातो. आडवा ताणला की उंचीत बसतो, आडवा दाबला की उंचीत फुगतो. पाऊण टक्का ऐकायला किरकोळ वाटतो. पण यंत्राने दाबून स्फटिकाचं माप एवढं बदलायचं ठरवलं तर हजारो वातावरणांइतका दाब लागतो. सबस्ट्रेट हे काम गुपचूप करून टाकतो. मापातल्या या बदलालाच स्ट्रेन, म्हणजे ताण, म्हणतात.

याचा चुंबकत्वाशी संबंध कसा? क्लॅरेन्स झेनर यांनी १९५१ मध्ये मँगनाइटचं चुंबकत्व इलेक्ट्रॉनच्या उड्यांमधून समजावून दिलं. एका मँगनीज अणूवरचा इलेक्ट्रॉन मधल्या ऑक्सिजनमार्फत शेजारच्या मँगनीजवर जातो. दोन्ही मँगनीजचे स्पिन एकाच दिशेला असले तर त्याला ही उडी सोपी जाते. इलेक्ट्रॉनला मोकळं फिरण्यात ऊर्जेचा फायदा असतो, म्हणून सगळे स्पिन एका दिशेला वळतात. आता मँगनीज-ऑक्सिजन-मँगनीज हा दुवा किती लांब आहे, किती वाकलेला आहे, इलेक्ट्रॉन आडव्या ऑर्बिटलमध्ये बसला आहे की उभ्या, यावर त्या उडीची सोय-गैरसोय ठरते. स्ट्रेन नेमका याच तीन गोष्टींना हात घालतो. ताणलेल्या मँगनाइटमध्ये चुंबकन फिल्मच्या प्रतलात पडून राहतं आणि पुरेशा दाबलेल्या मँगनाइटमध्ये ते प्रतलाबाहेर उभं राहू पाहतं, हा काही योगायोग नाही. कोबाल्ट फेराइट मॅग्नेशियम ऑक्साइडवर ताणलं की त्याचं चुंबकन उभं राहतं, यालाही भक्कम आधार आहे: चुंबकनाबरोबर या पदार्थाची लांबी लक्षणीय बदलते, तेव्हा लांबी बदलल्यावर चुंबकनाची दिशा बदलणं ओघानेच येतं.

स्ट्रेनचा दावा कसा सिद्ध करावा याचे धडेही आमच्याच क्षेत्राने घालून दिले आहेत. १९९८ मध्ये अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठात चांग-बोम इओम यांच्या गटाने स्ट्रॉन्शियम रुथेनेटची फिल्म स्ट्रॉन्शियम टायटेनेटवर चढवली आणि तिचं क्युरी तापमान मोजलं: १५० केल्विन. मग त्यांनी खालचा सबस्ट्रेट रसायनाने विरघळवून टाकला, फिल्म मोकळी केली आणि पुन्हा मोजलं: १६० केल्विन. तीच फिल्म, तेच अणू, तेच दोष. बदलला तो फक्त ताण. त्या दहा अंशांवर स्ट्रेनचं नाव लिहायचा पूर्ण हक्क त्यांनी कमावला.

दुसरा धडा युरोपियम टायटेनेटचा. हा पदार्थ एरवी प्रतिलोहचुंबकीय. साडेपाच केल्विनखाली त्याचे स्पिन एकमेकांविरुद्ध उभे राहून एकमेकांना रद्द करतात. क्रेग फेनी आणि करिन राबे यांनी २००६ मध्ये गणिताने सांगितलं की पुरेसा ताण दिला तर तो लोहचुंबकीय आणि विद्युतदृष्ट्या ध्रुवित असा दोन्ही होईल. २०१० मध्ये डॅरेल श्लोम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तो डिस्प्रोसियम स्कँडेटवर एक टक्क्याहून थोडा जास्त ताणला, आणि सुमारे चार केल्विनखाली तो खरोखर लोहचुंबकीय झाला. दुसऱ्या सबस्ट्रेटवर दाबलेली फिल्म मात्र होती तशीच प्रतिलोहचुंबकीय राहिली. शिवाय डिस्प्रोसियम स्वतःच जबरदस्त चुंबकीय, त्याच्या गोंगाटात फिल्मचा आवाज बुडून गेला असता. म्हणून त्यांनी फिल्मवरून परतणाऱ्या प्रकाशाचं ध्रुवीकरण किती वळतं ते मोजणारी केर पद्धत वापरली. आधी भाकीत, मग प्रयोग, उलट दिशेचा ताण देऊन पडताळणी, आणि सबस्ट्रेटचा आवाज वगळेल असं मापन. असा दावा डोक्यावर घ्यावा.

आता नेहमी काय होतं ते पाहा. तीन कंपन्यांच्या कॅटलॉगमधून तीन वेगवेगळे सबस्ट्रेट मागवायचे. प्रत्येकावर लेझरने फिल्म चढवायची. चुंबकन मोजायचं. कॅटलॉगमधल्या मापातून पदार्थाचं माप वजा करून जो टक्का येतो त्याला स्ट्रेन म्हणायचं, तो आडव्या अक्षावर मांडायचा, क्युरी तापमान उभ्या अक्षावर मांडायचं, तीन बिंदूंमधून रेघ ओढायची आणि शीर्षकात लिहायचं: स्ट्रेनने नियंत्रित चुंबकत्व. यात स्ट्रेन मोजलेलाच नसतो. दोन टक्के दाबलेली फिल्म ठरावीक जाडीपलीकडे हा ताण सहन करत नाही. तिच्यात दोष पडतात आणि ती सैल होते. किती सैल झाली हे क्ष-किरणांनी, फिल्मच्या आडव्या आणि उभ्या दोन्ही मापांचा नकाशा काढूनच कळतं. तो नकाशा निबंधात नसेल तर आडव्या अक्षावरचे आकडे कल्पित आहेत, असंच मी धरते.

त्याहून मोठी चूक पुढे आहे. सबस्ट्रेट बदलला म्हणजे फक्त स्ट्रेन बदलला, हे गृहीतच खोटं आहे. तांदूळ, पाणी, चूल आणि पातेलं सगळं एकदम बदलायचं आणि भात चिकट झाला की पातेल्याला दोष द्यायचा, तसला हा प्रकार. सबस्ट्रेट बदलला की त्याच्या पृष्ठभागावरचा विद्युतभार बदलतो. त्याच्या स्फटिकाची सममिती बदलते. लँथॅनम ॲल्युमिनेट फिल्म चढवताना तापलेला असतो आणि थंड होताना साडेपाचशे अंश सेल्सियसच्या आसपास त्याची रचना बदलून त्यात जुळ्या पट्ट्या पडतात. त्यांची छाप वरच्या फिल्मवर उमटते. स्ट्रॉन्शियम टायटेनेट १०५ केल्विनला आपली रचना बदलतो. फिल्ममध्ये ऑक्सिजनची किती रिकामी जागा राहते, तेही बदलतं. या सगळ्यांतून फक्त स्ट्रेन निवडून त्याच्या गळ्यात माळ घालायची, तर बाकीच्यांना वगळल्याचा पुरावा द्यावा लागतो. तो पुरावा बहुतेक निबंधांत नसतो.

आणि हे वगळणं किती महत्त्वाचं आहे, याचं उत्तर प्रयोगांनीच दिलं आहे. नेदरलँड्समधल्या ट्वेंटे विद्यापीठाच्या गटाचं २०१६ मधलं काम पाहा. त्यांनी मँगनाइटची फिल्म निओडिमियम गॅलेटवर चढवली. या स्फटिकात ऑक्सिजनचे अष्टफलक एका ठरावीक प्रकारे कललेले असतात, आणि ते कलणं वरच्या फिल्ममध्ये पोचतं. मग त्यांनी मध्ये स्ट्रॉन्शियम टायटेनेटचा अगदी पातळ थर घातला. तो थरही खालच्या स्फटिकाच्या मापातच वाढतो, त्यामुळे मँगनाइटवरचा ताण होता तोच राहिला. कलणं मात्र वर पोचेनासं झालं. परिणाम? चुंबकनाची सोपी दिशा ९० अंशांनी वळली. स्ट्रेन तोच, चुंबकत्व वेगळं. एवढा एक निकाल डोळ्यांसमोर ठेवला तरी तीन बिंदूंच्या रेघेवर विसंबायची हिंमत होऊ नये.

त्याआधीचाही एक पुरावा सगळ्यांच्या डोळ्यांसमोर आहे आणि कोणी बघत नाही. स्ट्रॉन्शियम टायटेनेटवर मँगनाइटची फिल्म पातळ करत गेलं की तिचं क्युरी तापमान घसरत जातं, आणि काही मोजक्या अणुथरांपाशी तिची वाहकता आणि मग चुंबकत्वही संपतं. या घसरणीचं श्रेय सर्रास स्ट्रेनला दिलं जातं. पण तीन नॅनोमीटरची आणि वीस नॅनोमीटरची, दोन्ही फिल्म याच सबस्ट्रेटवर पूर्ण ताणलेल्या असतात. दोघींचा ताण सारखाच असेल, तर दोघींतला फरक ताणातून येईलच कसा? शाळेतल्या मुलाला पटेल असा हा तर्क पीएचडी झालेल्यांच्या गळी उतरत नाही. २००८ मध्ये इटलीतल्या संशोधकांनी क्ष-किरणांनी पाहिलं तेव्हा अतिपातळ फिल्ममध्ये इलेक्ट्रॉन उभ्या ऑर्बिटलमध्ये बसलेले दिसले; ताण एकटाच कारण असता तर ते आडव्या ऑर्बिटलमध्ये दिसायला हवे होते. पृष्ठभाग आणि सीमा यांचं स्वतःचं राज्य असतं, आणि तिथे स्ट्रेनचा हुकूम चालत नाही.

मॅग्नेटाइटचंही तेच. मॅग्नेशियम ऑक्साइडशी त्याचं माप जवळजवळ जुळतं, फरक फक्त ०.३ टक्के. तरी या फिल्म सात टेस्लाच्या क्षेत्रातही पूर्ण संपृक्त होत नाहीत. १९९७ मध्ये कारण सापडलं: फिल्मची वेगवेगळी बेटं वाढत येऊन एकमेकांना भिडतात तेव्हा त्यांच्या रांगा जुळत नाहीत, आणि त्या सीमांवर स्पिन एकमेकांविरुद्ध बांधले जातात. इथे कोणी ०.३ टक्के स्ट्रेनवर समाधान मानून थांबलं असतं, तर त्या सीमा आजही कोणाला दिसल्या नसत्या. फुकटच्या स्पष्टीकरणाचं खरं नुकसान हेच: ते शोध थांबवतं.

ऑक्सिजनचा मुद्दा तर सगळ्यांत गंभीर. लँथॅनम कोबाल्टाइट हा पदार्थ थंडीत बिनचुंबकी. त्याच्या कोबाल्टचे इलेक्ट्रॉन जोड्या लावून बसतात. २००७ मध्ये जर्मनीतून बातमी आली की स्ट्रॉन्शियम टायटेनेटवर ताणलेल्या त्याच्या फिल्म ८५ केल्विनच्या आसपास लोहचुंबकीय होतात. निकाल खरा होता, पुन्हा पुन्हा मिळाला. पण सूक्ष्मदर्शकाखाली त्या फिल्ममध्ये एकाआड एक काळसर पट्ट्या दिसल्या आणि वाद सुरू झाला. एक बाजू म्हणाली, ताणामुळे कोबाल्टचे स्पिन मोकळे होऊन शिस्तीत रांगेत बसले. दुसरी म्हणाली, या पट्ट्या म्हणजे ऑक्सिजनच्या रिकाम्या जागांच्या रांगा आहेत आणि चुंबकत्व त्यांच्यातून येतं. गणित असं सांगतं की ताणलेल्या ऑक्साइडमध्ये ऑक्सिजनची जागा रिकामी होणं स्वस्त पडू शकतं. म्हणजे स्ट्रेन दारात असेलही, पण घरात काम करणारा दुसराच कोणी असू शकतो. जिथे इतक्या वर्षांच्या बारकाईच्या कामानंतरही वाद झाला, तिथे चुंबकनाचं एक स्क्विड मापन आणि एक क्ष-किरण आलेख देऊन 'स्ट्रेनमुळे' लिहिणारे नेमक्या कशाच्या बळावर लिहितात?

बिस्मथ फेराइटचा धडा तर सगळ्यांनी पाठ करायला हवा होता. २००३ मध्ये 'सायन्स'मध्ये एक गाजलेला निबंध आला. खोलीच्या तापमानाला या फिल्म विद्युतदृष्ट्या ध्रुवित असतात आणि त्यांचं चुंबकनही मोठं असतं; फिल्म जितकी पातळ तितकं चुंबकन जास्त, ७० नॅनोमीटरला दर घन सेंटिमीटर सुमारे १५० ईएमयू (चुंबकीय संकेत मोजायचं एकक). दोन वर्षांनी त्याच नियतकालिकात दुसऱ्या गटाने हरकत घेतली: पूर्ण ऑक्सिजन असलेल्या, व्यवस्थित ताणलेल्या फिल्ममध्ये इतकं चुंबकन नसतं, आणि ताणाने ते वाढतही नाही. त्याच वर्षी क्लॉड एडेरर आणि निकोला स्पॉल्डिन यांच्या गणितानेही ताणाचा परिणाम फार थोडा निघाला. आणखी एका गटाला अशा फिल्ममध्ये लोहाच्या ऑक्साइडची भेसळ सापडली. मूळ निबंधातलं विद्युत ध्रुवीकरण मात्र टिकलं, शुद्ध स्फटिकातही मोठं ध्रुवीकरण सापडलं, आणि त्या कामाने एक अख्खं क्षेत्र उभं राहिलं. मोठ्या कामातला एक दावा चुकीचा ठरणं ही विज्ञानाची रीतच आहे. लाजिरवाणं आहे ते त्यानंतरचं. ऑक्सिजन पुरेसा आहे का आणि लोह कुठून शिरलं, हे दोन प्रश्न २००५ पासून उघडे पडलेले असताना आजही निबंधामागून निबंध ते न विचारता छापले जातात.

एका तोंडी परीक्षेत मी विचारलं, "नुसत्या सबस्ट्रेटचं मापन कुठे आहे?" विद्यार्थी गप्प. मार्गदर्शक म्हणाले, "मॅडम, सबस्ट्रेट डायमॅग्नेटिक असतो, ते तर सगळ्यांना माहीतच आहे."

माहीत आहे ना? मग हिशेब मांडू. पाच मिलिमीटर लांब, पाच रुंद, अर्धा मिलिमीटर जाड असा नेहमीचा तुकडा घ्या. त्यावर २० नॅनोमीटरची फिल्म. सबस्ट्रेट फिल्मच्या २५,००० पट जाड आहे. समजा, फिल्मचं चुंबकन बिस्मथ फेराइटसारखं क्षीण आहे, दर घन सेंटिमीटर पाच ईएमयू. अख्ख्या फिल्मचा संकेत भरला एका ईएमयूच्या दशलक्षांश भागांच्या अडीचपट. एक टेस्लाच्या क्षेत्रात स्ट्रॉन्शियम टायटेनेटचा स्वतःचा उलटा, म्हणजे डायमॅग्नेटिक, संकेत याच्या वीस-पंचवीस पट येतो. म्हणजे मोठ्या आकड्यातून मोठा आकडा वजा करून उरलेल्या चिमटीवर सगळा निबंध उभा. आणि ती चिमूट लोखंडाच्या किती धुळीतून मिळते? सुमारे १२ नॅनोग्रॅम. सुमारे चौदा मायक्रोमीटर व्यासाचा एक कण. डोळ्याला दिसणारही नाही. तो हीटरच्या पोलादातून येतो, तुकडा चिकटवायच्या सिल्व्हर पेंटमधून येतो, चिमट्यातून येतो.

चिमट्याची गोष्ट मी रचलेली नाही. २००४ मध्ये डब्लिनच्या संशोधकांनी हाफनियम ऑक्साइडच्या फिल्म चुंबकीय असल्याचं 'नेचर'मध्ये छापलं. या ऑक्साइडमध्ये चुंबकत्व देणारे इलेक्ट्रॉनच नसतात, म्हणून खळबळ उडाली. पुढच्या वर्षी आयबीएमच्या संशोधकांनी अशाच फिल्म केल्या आणि त्यांना चुंबकत्व सापडलं नाही. तुकडे स्टेनलेस स्टीलच्या चिमट्याने हाताळले की मात्र तसाच संकेत दिसायला लागला. २०१० मध्ये जर्मनीतल्या एका गटाने दाखवलं की बाजारातून आणलेल्या, काहीही न चढवलेल्या ऑक्साइड स्फटिकांमध्येच लोहचुंबकीय संकेत सर्रास सापडतात. म्हणजे 'सगळ्यांना माहीत आहे' हे वाक्य चुकीचं आहे, आणि ते चुकीचं असल्याचं छापूनही कितीतरी वर्षं झाली आहेत.

यावर मला तीन सबबी ऐकवल्या जातात. तिन्ही मी ऐकून घेते आणि तिन्ही नाकारते.

पहिली: आमच्याकडे साधनं नाहीत. सगळ्यांत महत्त्वाच्या पडताळण्यांना साधनं लागतच नाहीत. प्लॅस्टिकचा चिमटा वापरा. प्रत्येक खेपेला एक रिकामा सबस्ट्रेट त्याच कक्षात, त्याच तापमानाला, तेवढाच वेळ ठेवा आणि तोही मोजा. तुकड्याच्या कडा आणि मागची बाजू साफ करून पुन्हा मोजा. फिल्म ऑक्सिजनमध्ये तापवा आणि चुंबकत्व राहतं की जातं ते पाहा. याला पैसा लागत नाही, प्रामाणिकपणा लागतो. आणि मोठी साधनं लागलीच, तर तीही देशात आहेत. ट्रॉम्बेच्या ध्रुव अणुभट्टीवर ध्रुवीकृत न्यूट्रॉनच्या परावर्तनातून फिल्मच्या कोणत्या खोलीवर किती चुंबकन आहे ते मोजता येतं. सबस्ट्रेटच्या मागे चिकटलेली धूळ तिथे फसवू शकत नाही. इंदूरच्या इंडस-२ सिंक्रोट्रॉनवर क्ष-किरणांच्या शोषणातून मूलद्रव्यांची अवस्था पाहता येते. विद्यापीठांतल्या लोकांना ही साधनं वापरता यावीत यासाठीच तर यूजीसी आणि अणुऊर्जा विभागाची संयुक्त संस्था उभी आहे. अर्ज लिहायचा कंटाळा ही सबब होऊ शकत नाही.

दुसरी: सगळे असंच करतात, परदेशातलेही. करतात, खरं आहे. पण परदेशातल्यांनीच पडताळणीचे रस्तेही घालून दिले आहेत. सबस्ट्रेट म्हणून विद्युतदाबाने लांबी बदलणारा स्फटिक घ्या. व्होल्टेज फिरवलं की त्याच फिल्मवरचा ताण मागेपुढे होतो आणि चुंबकन त्यामागे चालतं की नाही हे समोर दिसतं. बेरियम टायटेनेटवर फिल्म चढवा. तो थंड होताना ठरावीक तापमानांना रचना बदलतो आणि त्या क्षणी फिल्मच्या चुंबकनात उडी दिसते. २०१६ पासून तर पाण्यात विरघळणारा थर मध्ये घालून फिल्म अख्खी सोडवून घेता येते; हॅरोल्ड ह्वांग यांच्या गटाने २०२० मध्ये अशाच सुट्या मँगनाइट पडद्याला आठ टक्क्यांपर्यंत ताणून दाखवलं. एकाच फिल्मवर फक्त ताण बदलण्याचे इतके मार्ग खुले असताना तीन सबस्ट्रेटची रेघ ओढत बसणं याला परंपरा म्हणत नाहीत, टाळाटाळ म्हणतात.

तिसरी सबब खरी आहे, म्हणून तिच्यावर जास्त राग येतो: विद्यार्थ्याला पेपर हवा असतो. प्रबंधाआधी शोधनिबंध छापलाच पाहिजे ही यूजीसीची अट अनेक वर्षं होती. २०२२ च्या नियमावलीने ती काढली. अट गेली, सवय गेली नाही. बढत्या, अनुदानं आणि मूल्यांकनं अजूनही पेपरच मोजतात. मग 'स्ट्रेनमुळे चुंबकत्व' या शीर्षकाला बाजार आणि 'आम्हाला दिसलेलं चुंबकत्व सबस्ट्रेटच्या धुळीचं निघालं' याला कोणी विचारत नाही. याची किंमत विद्यार्थी चुकवतो. पाच वर्षं प्रयोगशाळेत घालवून तो शंका घ्यायला शिकत नाही. आकडा आला की कारण चिकटवायला शिकतो. उद्या तो शिक्षक होतो आणि हाच वारसा पुढे देतो. ही पिढ्यान्‌पिढ्यांची हानी आहे, आणि ती सरकारी पैशावर, म्हणजे आपल्या सगळ्यांच्या पैशावर होते.

कोणी म्हणेल, एवढं काय अडतं? चार-दोन नॅनोमीटरच्या थराचं कारण चुकलं तर कोणाचं नुकसान? ज्यांना या गुणधर्मांतून मेमरी आणि सेन्सर बनवायचे आहेत, त्यांचं सगळं कारणावरच अडतं. सिलिकॉनच्या दुनियेत ताणाचा उपयोग २००३ च्या सुमारास कारखान्यात पोचला. इंटेलने ९० नॅनोमीटरच्या ट्रान्झिस्टरमध्ये सिलिकॉन मुद्दाम ताणून-दाबून विद्युतभाराची चाल वाढवली. ते जमलं, कारण किती ताण, कोणत्या दिशेला, त्याने काय होतं, हे त्यांनी मोजून ठरवलं होतं. ऑक्साइडमध्ये चुंबकत्व जर ऑक्सिजनच्या रिकाम्या जागांमधून येत असेल आणि आपण ताण सुधारत बसलो, तर ते यंत्र दुसऱ्या वर्षी बंद पडेल, कारण ऑक्सिजन हळूहळू हलत राहतो आणि ताण जागच्या जागी असतो. कारण चुकलं की उपाय चुकतो.

म्हणून माझ्यापुरतं मी ठरवलं आहे आणि ते उघड सांगते. माझ्याकडे परीक्षणाला येणाऱ्या निबंधाच्या शीर्षकात स्ट्रेन असेल, तर मी चार गोष्टी मागेन. ताण मोजलेला हवा, कॅटलॉगमधून वजा केलेला नको. रिकाम्या सबस्ट्रेटचं, फिल्मबरोबरच तापवलेल्या सबस्ट्रेटचं, मापन हवं. ऑक्सिजनमध्ये तापवण्याआधीचे आणि नंतरचे आकडे हवेत. आणि एक तरी प्रयोग असा हवा ज्यात बाकी सगळं जागच्या जागी राहिलं आणि फक्त ताण बदलला. ते नसेल तर निबंध परत जाईल, मग तो कुठल्याही देशातून आलेला असो, कितीही मोठ्या नावाचा असो. तोंडी परीक्षेतही हेच प्रश्न येतील आणि ते मार्गदर्शकासमोर येतील. विद्यार्थ्यांनी घाबरायचं कारण नाही. पडताळणीत ज्याचा परिणाम नाहीसा झाला आणि ज्याने ते प्रबंधात लिहिलं, त्याला मी आनंदाने पदवीची शिफारस करेन. ज्याने ती पडताळणी केलीच नाही, त्याला करून यायला सांगेन.

पुरावा नसेल तर शीर्षकातून 'स्ट्रेन' काढा. निकाल जसा आहे तसा छापा: अमुक सबस्ट्रेटवर, अमुक जाडीला, अमुक चुंबकन मिळालं, कारण अजून ठरलेलं नाही. हे वाक्य लिहिण्यात कमीपणा नाही. न तपासलेलं कारण स्वतःच्या नावाने छापण्यात आहे.